प्रोसेस सुधारताना पहिला फायदा कोणाचा, तेवढं आधी ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे ना - भिवंडीच्या गोदामातला डिस्पॅच सुधारायचं काम तुमच्या गळ्यात आलंय, ऑर्डर पडल्यापासून गाडी गेटबाहेर जाईपर्यंतचा वेळ कमी करायचाय, टीम म्हणते "हे आधी पण दोनदा करून झालंय", वीस वर्षं तिथे असलेले सुपरवायझर मीटिंगमध्ये मान डोलावतात आणि खाली जाऊन जुन्याच पद्धतीने काम करतात, फायनान्स हेड तर मीटिंगलाच येत नाहीत, मग या सगळ्यांना मोटिव्हेट करायचं कसं. मी मुंबई-ठाणे पट्ट्यात गोदामं, हॉस्पिटलं, बँकांची बॅक ऑफिसं अशा ठिकाणी बरीच वर्षं हेच काम करतेय, म्हणून जरा सविस्तर सांगते.

प्रोजेक्टला छानसं नाव द्यायचं, टी-शर्ट वाटायचे, भिंतीवर पोस्टर लावायचे, डायरेक्टर साहेबांचं भाषण ठेवायचं, हे सगळं करा हवं तर, त्याने काही बिघडत नाही, पण त्याचा जोर पंधरा दिवसांत ओसरतो. लोक मनापासून कामाला लागतात ते एकाच गोष्टीने, पहिली सुधारणा त्यांच्या स्वतःच्या त्रासातली झाली पाहिजे. कंपनीचा आकडा त्यानंतर. बहुतेक प्रोजेक्टमध्ये हा क्रम उलटा असतो, आधी कंपनीचा वेळ वाचवू, पैसे वाचवू, मग तुमच्या अडचणींचं बघू, आणि ते "मग" कधी येतच नाही, हे लोकांनी आधीच्या दोन वेळेला पाहिलेलं असतं. तुमची टीम निगेटिव्ह नाहीये, तिला अनुभव आहे एवढंच.

क्वालिटीवर काम करणारे अमेरिकन तज्ज्ञ डेमिंग यांचे १४ मुद्दे तुम्ही ट्रेनिंगमध्ये ऐकले असतील. त्यातला एक मुद्दा आहे की घोषणा आणि उपदेश बंद करा, आणि दुसरा आहे की कामाच्या जागेवरची भीती घालवा. कारणही त्यांनी सांगितलंय, की बऱ्याचशा चुका सिस्टिममधून येतात आणि सिस्टिम बदलणं कामगाराच्या हातात नसतं, मग त्याला "झिरो एरर" चं पोस्टर दाखवून तो करणार काय? मला हे दोन मुद्दे सगळ्यात जास्त उपयोगी पडलेत, आणि दोन्ही एकमेकांना जोडलेले आहेत.

भीतीपासूनच सुरू करू. तुम्ही वेळ वाचवायला आलात म्हटल्यावर प्रत्येकाच्या डोक्यात एकच प्रश्न असतो, वेळ वाचला तर माणसं कमी करणार का? मीटिंगमध्ये हा प्रश्न कोणी विचारणार नाही, तो बाहेर चहाच्या टपरीवर विचारला जातो आणि उत्तरही तिथेच ठरतं. म्हणून पहिल्या मीटिंगच्या आधी, परत सांगते आधी, वरच्या साहेबांकडून हे लेखी घ्या की या प्रोजेक्टमध्ये वाचलेल्या वेळेपोटी कोणालाही काढलं जाणार नाही, मोकळे झालेले हात कुठे वापरणार ते अमुक अमुक, म्हणजे रिटर्न आलेल्या मालाचं सॉर्टिंग, सायकल काउंट (थोडा थोडा स्टॉक ठराविक दिवसांनी मोजणं), जे काम वर्षानुवर्षं पेंडिंग असतं ते. आणि या शब्दात ठेकेदाराची माणसं पण आली पाहिजेत. भिवंडीत खाली काम करणारे बरेचसे ठेकेदाराचेच असतात, फक्त पे-रोलवाल्यांना हमी दिली तर अर्ध्याहून जास्त फ्लोअर तुमच्या विरोधात जाईल आणि तुम्हाला कळणारही नाही का ते.

हे मी हवेत बोलत नाहीये. कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला जनरल मोटर्सचा कारखाना होता, संप, गैरहजेरी, खराब गाड्या यासाठी बदनाम, १९८२ साली बंद पडला. १९८४ मध्ये टोयोटाबरोबर भागीदारीत तोच कारखाना परत सुरू झाला, युनियन तीच, माणसं बहुतेक तीच, आणि थोड्याच काळात तिथल्या गाड्यांची क्वालिटी अमेरिकेतल्या चांगल्या कारखान्यांत गणली जायला लागली. माणसं तीच होती हे लक्षात घ्या. काही जणांना शिकायला जपानला पाठवलं, लाईन थांबवायची दोरी कामगाराच्या हातात दिली, आणि युनियनबरोबरच्या करारात नोकऱ्या टिकवण्याबद्दल स्पष्ट लिहिलं. १९८० च्या दशकाच्या शेवटी विक्री पडली तेव्हा त्यांनी माणसं काढली नाहीत, रिकाम्या झालेल्यांना ट्रेनिंगला आणि सुधारणेच्या कामाला लावलं. शब्द पाळला जातो हे दिसलं की मग भाषणाची गरज उरत नाही.

आता एक गोष्ट जी पुस्तकात कमी आणि फ्लोअरवर जास्त असते, ओव्हरटाइम. डिस्पॅच लवकर संपला की ओव्हरटाइम कमी होतो, आणि ओव्हरटाइमला दुप्पट दर मिळतो. ज्या पोराने बाईकचा हप्ता त्या पैशांवर बांधलाय त्याला तुम्ही "आता तुम्ही वेळेवर घरी जाल" असं हसत सांगितलंत तर तो तुमचं काम सुरळीत होऊ देईल असं वाटतं का तुम्हाला? त्याच गोदामात दुसरा माणूस असतो आसनगावला किंवा टिटवाळ्याला राहणारा, तो भिवंडीतून शेअर रिक्षाने कल्याण गाठतो, तिथून कसारा लोकल पकडतो, आणि ती एक गाडी गेली की पुढचीला खूप वेळ असतो, त्याला घरी पोचायला रात्रीचे अकरा वाजतात. त्याला वेळेवर सुटणं हेच बक्षीस आहे. दोघं एकाच टेबलवर पॅकिंग करतात. म्हणून "टीमला काय हवंय" असा प्रश्नच चुकीचा आहे, एकेकाला बाजूला घेऊन विचारावं लागतं, आणि एचआरकडून आधीच्या सहा महिन्यांचा ओव्हरटाइम माणसागणिक मागून घ्यावा लागतो. तो कागद बघितला की कोण का गप्प बसलाय ते अर्धं कळतं. मी ज्या ठिकाणी हे नीट सुटताना पाहिलं तिथे मॅनेजमेंटने ओव्हरटाइमच्या वाचलेल्या पैशातला एक भाग स्किल अलाउन्स म्हणून परत दिला, जो स्कॅनर, पॅकिंग आणि रिटर्न तिन्ही कामं शिकेल त्याला दर महिन्याला ठराविक रक्कम. फायनान्सला ते मान्य झालं कारण एकूण खर्च तरीही कमीच होता, आणि पोरांना मान्य झालं कारण ओव्हरटाइम कधी असतो कधी नसतो, अलाउन्स पक्का.

आता पहिली सुधारणा कोणती निवडायची. यासाठी फ्लोअरवर उभं राहायला लागतं, ऑफिसच्या काचेतून नाही, एका माणसाच्या मागे, एक अख्खी ऑर्डर. एक उदाहरण सांगते. एका गोदामात एक वयस्कर पिकर होते, म्हणजे ऑर्डरीप्रमाणे रॅकवरून माल गोळा करणारे, सगळे त्यांना काका म्हणायचे. त्यांच्या कानामागे कायम पेन्सिल. पिकिंग लिस्ट हातात आली की ते लगेच निघायचे नाहीत, पोत्यावर बसून लिस्टच्या डाव्या समासात प्रत्येक ओळीपुढे बारीक आकडे लिहायचे, १, २, ३ असे, पण क्रमाने नाही, वरच्या ओळीला ७, तिसऱ्या ओळीला १. सुपरवायझरला वाटायचं काका टाईमपास करतात. मी विचारलं तर म्हणाले, "अहो मॅडम, ही लिस्ट आयटम कोडने येते, रॅकने नाही. अशीच धरून चाललो तर ए रॅकवरून एफला जायचं, परत बी ला यायचं, परत एफला. मी आधी रॅकप्रमाणे नंबर टाकतो, मग एकाच फेरीत काम होतं." नवीन पोरांना हे माहीतच नव्हतं, ती दिवसभर वेड्यासारखी ये-जा करत होती आणि संध्याकाळी दुखरे पाय धरून बसायची. आयटीला सांगून लिस्टचं सॉर्टिंग रॅक लोकेशनवर करून घेतलं, किरकोळ बदल होता, कोणी कधी मागितलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी लिस्ट नव्या क्रमाने आली आणि सगळ्यांसमोर सांगितलं की ही काकांची पद्धत आहे. त्या दिवसापासून माझ्याकडे लोक आपणहून यायला लागले, मॅडम तो लेबल प्रिंटर एवढ्या लांब का ठेवलाय, मॅडम टेपचा स्टॅंड तुटलाय चार महिने झाले, मॅडम हे रिटर्नचे बॉक्स इथे वाटेत का.

यात कंपनीला पण फायदा झाला, चालणं कमी म्हणजे वेळ कमी. पण आधी फायदा पायांना झाला, लोकांना ते त्याच दिवशी जाणवलं, आणि नाव त्यांच्यातल्याच एकाचं लागलं. पहिली सुधारणा निवडताना या तीन गोष्टी बघा. खर्च शक्यतो नसावाच, म्हणजे मंजुरीसाठी थांबायला लागत नाही.

लोकांना सामील करून घ्या असं सगळेच म्हणतात, पण किती सामील केलं याने किती फरक पडतो हे एका जुन्या प्रयोगात फार स्पष्ट दिसलंय. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात मॅरियन गावात हारवूड कंपनीचा पायजमे शिवायचा कारखाना होता. तिथे लेस्टर कोच आणि जॉन फ्रेंच या दोघांनी प्रयोग केला आणि १९४८ मध्ये छापला. कामाच्या पद्धतीत बदल अगदी छोटे होते, एका गटात इस्त्री झालेले पायजमे पुठ्ठ्यावर रचण्याऐवजी खोक्यात ठेवायचे, एवढंच. एका गटाला नेहमीसारखं फक्त सांगितलं की उद्यापासून असं आणि दर असा, दुसऱ्या गटाने आपले प्रतिनिधी निवडले आणि त्यांनी बदल ठरवायला मदत केली, आणि बाकी गटांत सगळ्यांनीच बसून ठरवलं. ज्यांना फक्त सांगितलं गेलं त्यांचं उत्पादन पडलं ते वर आलंच नाही, सुपरवायझरशी भांडणं, तक्रारी, आणि पहिल्या ४० दिवसांत १७ टक्के बायका-माणसं काम सोडून गेली. सगळ्यांनी बसून ठरवलं ते गट लवकर पूर्वपदावर आले आणि पुढे आधीपेक्षाही जास्त काम करायला लागले, त्यांच्यातलं कोणी सोडून गेलं नाही. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पुढचं, ज्या गटाने आधी विरोध केला होता त्यातल्याच उरलेल्यांना काही महिन्यांनी दुसऱ्या कामावर घेतलं आणि या वेळी त्यांना ठरवण्यात सामील केलं, तर तेच लोक व्यवस्थित चालले. म्हणजे अमुक माणूस मुळातच अडेलतट्टू आहे असं आपण म्हणतो ना, ते म्हणण्याआधी त्याच्याशी आपण कसं वागलो ते बघायला पाहिजे.

इथून तुमच्या सुपरवायझरकडे येऊ. वीस वर्षं. कुठल्या पार्टीला, म्हणजे गिऱ्हाईकाला, माल किती वाजता लागतो, कुठला ट्रान्सपोर्टर पावसात गाडी देतो, मानकोलीला ट्रॅफिकमध्ये अडकलं तर कुठून काढायचं, हे सगळं त्यांच्या डोक्यात आहे, आणि रात्री काही अडलं की सगळे त्यांनाच फोन करतात. हाच त्यांचा मान आहे. तुम्ही ते सगळं सॉफ्टवेअरमध्ये टाकायला आलात, म्हणजे त्यांच्या दृष्टीने उद्या त्यांना फोन कोणी करणार नाही. ते मीटिंगमध्ये मान डोलावतात कारण साहेबांसमोर नाही कसं म्हणणार. त्यांना ट्रेनिंगला बसवू नका, त्यांच्याकडून ट्रेनिंग लिहून घ्या. नवीन पद्धतीचा कागद त्यांच्याबरोबर बसून लिहा, त्यांच्याच शब्दात, मराठी-हिंदी मिसळ असली तरी चालेल, खाली त्यांचं नाव टाका, आणि नवीन भरती झालेल्या पोरांना ते शिकवतील हे जाहीर करा. आणि त्याआधी एकटं भेटा, चहा घ्या, आणि सरळ विचारा, "दादा, मागच्या दोन वेळेला काय चुकलं होतं?" फक्त ऐका, मधे बोलू नका, वहीत लिहा. मागच्या वेळी नवीन स्कॅनर आले आणि चार्जर कमी आले, मग दुपारनंतर स्कॅनर बंद आणि परत कागद, असं काहीतरी अगदी साधं कारण निघतं, आणि ते कोणत्याही रिपोर्टमध्ये नसतं. पुढच्या मीटिंगमध्ये पहिला मुद्दा तोच ठेवा, "मागच्या वेळी हे राहिलं होतं, या वेळी हे आधी केलंय."

माथाडींचं वेगळं सांगते कारण बाहेरून आलेले कन्सल्टंट हमखास विसरतात. लोडिंग-अनलोडिंगला माथाडी टोळी असेल तर ते तुमचे कर्मचारी नाहीत, १९६९ च्या माथाडी कायद्याखाली बोर्डात नोंदलेले कामगार आहेत, मजुरी आणि लेव्ही बोर्डामार्फत जाते, आणि कामाचा दर बऱ्याचदा नगावर किंवा वजनावर ठरलेला असतो. तुम्ही सुटे बॉक्स बंद करून पॅलेट (बरेच बॉक्स रचून एकदम उचलायची फळी) आणलंत, की त्यांची कमाई थेट बदलते. मग हा टेक्निकल बदल राहत नाही. मुकादमाला डिझाईन पक्कं व्हायच्या आधी बोलवा, नवीन पद्धतीत दर कसा धरायचा हे युनियन आणि बोर्डाच्या रीतीने आधी ठरवून घ्या, मग पॅलेटची ऑर्डर द्या. उलट केलंत तर पॅलेट कोपऱ्यात पडून राहतील.

बाकी स्टेकहोल्डर, म्हणजे या कामाशी संबंध येणारे इतर. लोक स्टीअरिंग कमिटी बनवतात, पंधरा दिवसांनी एक तास, चाळीस स्लाईडचं प्रेझेंटेशन, आणि मग रडतात की कोणाला इंटरेस्ट नाही. निर्णय मीटिंगमध्ये होतच नसतात, ते आधी एकेकाच्या केबिनमध्ये होतात, मीटिंगमध्ये फक्त शिक्का बसतो. तुमचे फायनान्स हेड येत नाहीत कारण "डिस्पॅच सायकल टाइम", म्हणजे ऑर्डरपासून गेटपर्यंतचा वेळ, हा त्यांचा आकडाच नाही. त्यांचा आकडा आहे पार्टीकडून पैसे कधी येणार. माल उशिरा किंवा चुकीचा गेला की पार्टी डेबिट नोट पाठवते, म्हणजे बिलातून एवढे पैसे कापले असं कळवते, पेमेंट अडवते, अकाउंट्सच्या दोन पोरी हिशोब जुळवत बसतात. तुम्ही मागच्या तिमाहीतल्या डेबिट नोटा घ्या, कारणाप्रमाणे वेगळ्या करा, शॉर्ट सप्लाय, चुकीचा आयटम, डॅमेज, आणि एक पानाचा कागद घेऊन त्यांच्याकडे जा, पंधरा मिनिटं मागा. "सर, यातल्या ह्या ह्या आपल्या गोदामातून होतात, मला ह्या कमी करायच्यात, तुमच्या टीममधलं एक माणूस आठवड्यातून एकदा माझ्याबरोबर बसेल का?" हे मागणं छोटं आहे, ते हो म्हणतील. ई-वे बिलाचं (माल रस्त्याने नेताना लागणारं जीएसटीचं बिल) पण त्यांना जवळचं आहे, बिल आधी काढून ठेवलं, त्यातल्या पार्ट बी मध्ये गाडी नंबर टाकला, आणि ऐन वेळी ट्रान्सपोर्टरने गाडी बदलली की नंबर अपडेट करण्यात गोंधळ होतो आणि गाडी माल भरायच्या डॉकला उभी. तिथे अकाउंट्स, ट्रान्सपोर्टर आणि डिस्पॅच तिघंही एकमेकांकडे बोट दाखवतात. तिघांना एकाच वेळी डॉकवर उभं करून एक गाडी पूर्ण भरून जाताना दाखवा, दहा मेलपेक्षा जास्त काम होतं.

सेल्सला त्यांच्या पार्टीची ऑर्डर कुठे आहे हे न विचारता कळलं की पुरे. आयटीला एकच विनंती, एकदम पन्नास बदल मागू नका, दोन मागा, आणि झाले की त्यांच्या साहेबांना कॉपीत ठेवून आभाराचा मेल टाका, त्यांना आभाराचे मेल फार कमी येतात.

हॉस्पिटलातलं एक सांगते कारण तिथे स्टेकहोल्डरचा प्रश्न जास्त तीव्र असतो. डिस्चार्जला उशीर, हा मुंबईतल्या जवळपास प्रत्येक हॉस्पिटलचा आजार. सकाळी डॉक्टर म्हणतात घरी जा आणि पेशंट संध्याकाळी निघतो. प्रत्येक जण टीपीएकडे, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणाऱ्या एजन्सीकडे, बोट दाखवतो. विमा नियामक आयआरडीएआयने मे २०२४ च्या सर्क्युलरमध्ये विमा कंपन्यांना सांगितलं की डिस्चार्जची विनंती आल्यावर ३ तासांत फायनल मंजुरी द्यायची, त्यामुळे विमा कंपनीकडचा वेळ मोजता यायला लागला. पण ती विनंती आपल्याकडून जातेच कधी? डिस्चार्ज समरी सही व्हायला, उरलेली औषधं फार्मसीत परत जायला, सगळ्या चार्जेसची एन्ट्री व्हायला दुपार होते. डॉक्टरांना "प्रोसेस फॉलो करा" म्हटलं की ते चिडतात, आणि बरोबर आहे, त्यांची ओपीडी खोळंबलेली असते. एका ठिकाणी वॉर्डच्या इनचार्ज सिस्टरांनी सुचवलं की उद्या जाणाऱ्या पेशंटची कच्ची समरी रात्रपाळीच्या आरएमओने (निवासी डॉक्टरने) तयार ठेवायची, डॉक्टरांनी सकाळी राउंडला फक्त वाचून सही करायची. डॉक्टरांचं काम वाढलं नाही, उलट दुपारचे फोन बंद झाले, म्हणून ते तयार झाले. सिस्टरांचा फायदा असा की दिवसभर नातेवाईकांची बोलणी त्याच खात होत्या, ती थांबली. इथेही आकडा मागून सुधारला, आधी माणसांचा ताप कमी झाला.

मुंबईत प्रोसेसचा विषय निघाला की कोणीतरी डबेवाल्यांचं उदाहरण देतंच, आणि सगळं लक्ष त्या सिक्स सिग्माच्या, म्हणजे जवळपास शून्य चुकांच्या, कथेकडे जातं. ते सोडा. त्यातली घेण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. १८९० पासून चालत आलेल्या या कामात डबेवाला हा कोणाचा पगारी नोकर नाही, गटातली कमाई सगळे मिळून वाटून घेतात, डबा चुकला तर गिऱ्हाईक तुटतं आणि ते नुकसान त्यांच्याच वाट्याला येतं, आणि डब्यावरच्या खुणांची पद्धत त्यांनी स्वतः घडवलीये. प्रोसेस त्यांची आहे म्हणून पाळली जाते. आपल्याला कंपनीत एवढी मालकी देता येणार नाही, पण वाचलेल्यातला वाटा आणि ठरवण्यातला हक्क, थोडा का होईना, देता येतो.

इन्सेंटिव्हबद्दल सावध राहा. पिकिंगच्या स्पीडवर माणसागणिक पैसे लावले की स्पीड वाढतो आणि चुकीचे आयटम पण वाढतात, शिवाय जड आणि वरच्या रॅकचा माल कोणी उचलत नाही, सगळे हलक्या लिस्टवर झडप घालतात. द्यायचंच असेल तर पूर्ण शिफ्टला मिळून द्या, आणि स्पीडबरोबर चुकांचा आकडा धरून द्या.

रोजची दहा मिनिटांची उभ्याने मीटिंग ठेवा, शिफ्ट सुरू होताना, फळ्यासमोर. फळ्यावर तीनच रकाने, काल काय अडलं, कोण बघतंय, कधीपर्यंत. आणि इथे एक नियम कडक पाळा, प्रत्येक सूचनेला दोन दिवसांत उत्तर. "नाही" हे पण उत्तर आहे, कारण सांगून नाही म्हटलेलं लोकांना चालतं, पण सूचना दिली आणि पुढे काहीच कळलं नाही की तो माणूस परत तोंड उघडत नाही, आणि त्याचं बघून बाकीचे चार. टोयोटात लाईनवरची दोरी ओढली की टीम लीडर लगेच तिथे येतो, दोरीचा सगळा अर्थ त्या येण्यात आहे. कोणी येणारच नसेल तर दोरी कोण ओढेल?

वेळ निवडणं हा पण मोटिव्हेशनचाच भाग आहे, आणि आपल्याकडचं कॅलेंडर लक्षात न घेता हेड ऑफिसवाले तारखा टाकतात. जून-जुलैत गाड्याच वेळेवर येत नाहीत, तेव्हा पायलट, म्हणजे छोटी चाचणी, केला तर आकडे वाईट येतील आणि लोक म्हणतील बघा, नवीन पद्धत फेल. गणपतीत कोकणातली माणसं गावाला जाणार म्हणजे जाणार. नवरात्रापासून दिवाळीपर्यंत डिस्पॅचचा पूर असतो, मार्चला वर्षअखेर. मी शक्यतो दिवाळी उरकली की, तुळशीच्या लग्नाच्या आसपास सुरू करते आणि फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत नवीन पद्धत अंगवळणी पडेल असं बघते. महिनाअखेरचे दिवस मात्र कुठल्याही महिन्यात टाळा, तेव्हा सेल्स सगळ्या ऑर्डरी एकदम ढकलतं.

मधे एक काळ येतो, पायलट झालेला असतो, सुरुवातीचं कौतुक संपलेलं असतं, जुनी आणि नवीन पद्धत दोन्ही चालू असल्यामुळे काम उलट वाढलेलं असतं. बरेच प्रोजेक्ट इथे मरतात. या काळात दोन्ही पद्धती चालू ठेवण्याचा कालावधी जेवढा छोटा करता येईल तेवढा करा, जुना फॉर्म कधी बंद होणार ती तारीख फळ्यावर लिहा, आणि त्या तारखेला खरंच बंद करा. आणि वरच्या साहेबांना या काळात एकदा फ्लोअरवर आणा, भाषणाला नाही, पाहायला. प्रेझेंटेशन तुम्ही देऊ नका, काकांसारख्या माणसाला देऊ द्या, मराठीत, रॅकसमोर उभं राहून. साहेबांनी त्याला दोन प्रश्न विचारले आणि त्याने उत्तरं दिली, की पुढचे दोन महिने तुम्हाला कोणाला ढकलावं लागत नाही.

राहता राहिलं ते, मॅनेजमेंटने माणसं न काढण्याचा शब्द दिलाच नाही तर? असं होतं, खूप वेळा होतं. अशा वेळी टीमला तुम्ही स्वतःच्या तोंडाने हमी देऊ नका, ती तुमच्या हातातली नाही, आणि उद्या दोघांना जरी काढलं तरी तुमचा शब्द कायमचा गेला. त्याऐवजी प्रोजेक्टचा स्कोप बदला. वेळ आणि माणसं कमी करण्याचं लक्ष्य बाजूला ठेवून चुका, रिटर्न, डॅमेज आणि परत परत करावं लागणारं काम यावर या. चुका कमी झाल्याने कोणाची नोकरी जाईल असं लोकांना सहसा वाटत नाही, परत पॅकिंग करायला कोणालाच आवडत नाही, आणि फायनान्सला डेबिट नोटा कमी झालेल्या दिसतात. सायकल टाइम त्यातून कमी होतोच, फक्त तो तुम्ही बॅनरवर लावलेला नसतो. साहेबांना पण हेच सांगा, की शब्द देत असाल तर मी वेळ कमी करण्यावर काम करते, देत नसाल तर चुकांवर करते, दोन्ही एकदम मागितलंत तर दोन्ही मिळणार नाहीत. हे बोलणं काम हातात घेतानाच करा, कारण एकदा तारखा जाहीर झाल्या की तुमचं ऐकायला कोणाला वेळ नसतो.